पहिला कॅमेरा आणि भिशीचे चाळीस हजार

पावसाळा तोंडावर आला होता. रविवारची सकाळ. आम्ही तोंडाला दाढीचा साबण लावून बसलो होतो आणि दारात मागच्या ओळीतल्या ताई येऊन उभ्या राहिल्या. मागे त्यांचा मुलगा. ताई एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटतात. घरधनी जाऊन नऊ वर्षे झाली. मुलगा बारावी करून दोन वर्षे एका लग्नाच्या फोटोग्राफरकडे लाईट धरायला जातो.

"भाऊ, जरा हिशेब बघायचा होता," ताई म्हणाल्या आणि पदराची गाठ सोडून रुमालात बांधलेले पैसे आमच्यापुढे ठेवले. भिशीचे चाळीस हजार.

आमच्याकडे लोक फॉर्म भरायला येतात, दाखल्याचे कागद लावायला येतात, साहेबाला अर्ज लिहून घ्यायला येतात. हे नवीन होते. मुलाने खिशातून घडी केलेला जाहिरातीचा कागद काढला. नवा डीएसएलआर कॅमेरा, दोन लेन्स, बॅग, स्टँड आणि कार्ड, वरच्या तीन वस्तू 'फुकट', एकूण ५३,५०० रुपये. चाळीस हजार आज भरायचे, बाकीचे दरमहा १,३०० रुपयांच्या बारा हप्त्यांत. आम्ही बी.कॉम. झालेलो असल्याने तोंडाला साबण असतानाच हिशेब केला. बारा हप्त्यांचे १५,६०० होतात आणि बाकी आहे १३,५००. म्हणजे फुकटच्या बॅगेचे २,१०० रुपये आधीच लागले.

"काका, चोवीस मेगापिक्सेल आहे," मुलगा म्हणाला.

वाचकहो, हे वाक्य ऐकले आणि आम्हाला आमचाच २००९ सालचा चेहरा दिसला.

त्या साली आम्ही पतपेढीचे कर्ज काढून पहिला डीएसएलआर घेतला होता. दुकानात जाऊन एकच प्रश्न विचारला, मेगापिक्सेल किती? दुकानदाराने सर्वात मोठा आकडा दाखवला, आम्ही पैसे मोजले. खिशात परतीच्या तिकिटापुरते उरले. पहिला कार्यक्रम मेहुणीच्या मुलीच्या बारशाचा. दहा बाय दहाची खोली, एक ट्यूबलाईट, आत पंचवीस माणसे. फ्लॅश लावला की पुढच्या बायकांचे चेहरे चुना फासल्यासारखे पांढरे आणि मागे काळोख. फ्लॅश बंद केला की सगळे हललेले. पाळण्यातले बाळ कोणते आणि दुपटे कोणते हे कळेना. मेहुणी आजही लोकांदेखत त्या फोटोंची आठवण काढते.

पुढे आणखी वाईट झाले. चामड्याच्या सुंदर पिशवीत घालून तो कॅमेरा आम्ही जूनमध्ये कपाटात ठेवला आणि सप्टेंबरच्या शेवटी काढला. लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. कर्जाचे हप्ते चालूच होते. यात दोष दुकानाचाही नाही आणि कंपनीचाही नाही. मुंबईच्या हवेत चामड्याची पिशवी म्हणजे ओल धरून ठेवणारे भांडे, एवढे साधे आम्हाला कोणी सांगितले नव्हते आणि आम्ही विचारलेही नव्हते.

असो. ताईंना आम्ही चहा दिला आणि मुलाला विचारले, "बाळा, डीएसएलआर म्हणजे काय?" त्याला सांगता आले नाही. दोन वर्षे त्या यंत्राशेजारी उभा राहिलेला मुलगा. दोष त्याचा नाही, त्याला कोणी हात लावू दिला नव्हता.

गोष्ट साधी आहे. लेन्समधून आलेला प्रकाश आत तिरक्या बसवलेल्या आरशावर पडतो, आरसा तो वर फेकतो आणि तो आपल्या डोळ्याच्या खिडकीत येतो. म्हणजे फोटो ज्या लेन्सने निघणार त्याच लेन्समधून आपण पाहतो. बटण दाबले की आरसा खटकन वर उचलला जातो, मागचा पडदा उघडतो आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. पूर्वी त्या जागी रोल असे. छत्तीस फोटोंचा रोल महिनाभर पुरवायचा, आणि तो धुऊन येईपर्यंत कोणाचे डोळे मिटले होते ते कळायचे नाही, हे आमच्या वयाच्या वाचकांना आठवत असेल.

कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन नावाच्या इंजिनिअरने १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जोडला. वजन सुमारे साडेतीन किलो, एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद, आणि चित्र दहा हजार ठिपक्यांचे. आजच्या भाषेत ०.०१ मेगापिक्सेल. १९९१ साली कोडॅकनेच निकॉनच्या एफ-३ या रोलच्या कॅमेऱ्यात सेन्सर बसवून विक्रीला आणला. तो वर्तमानपत्रवाल्यांसाठी होता, आपल्यासारख्यांसाठी नव्हे. २००३ साली कॅननचा ३००डी हजार डॉलरच्या आत आला, तेव्हा सामान्य माणसाला डीएसएलआरचे दार किलकिले झाले. त्यात सहा मेगापिक्सेल होते. सहा मेगापिक्सेलचा फोटो १० बाय ७ इंचाच्या कागदावर अगदी स्वच्छ छापला जातो. अठरा मेगापिक्सेलमध्ये लग्नाच्या अल्बमचे १२ बाय १८ चे पान निघते. आता ज्याला रेल्वे स्टेशनवर जाहिरातीचा फलक लावायचा नाही, त्याने अठराचे चोवीस करण्यासाठी भिशी का मोडावी?

मोबाईल असताना कॅमेरा कशाला, असे ताईंनी विचारले. प्रश्न रास्त आहे. उन्हात काढलेला मोबाईलचा फोटो आज कोणाही कॅमेऱ्याच्या तोंडात मारील. पण मोबाईलचा सेन्सर करंगळीच्या नखाएवढा असतो, आणि साध्या डीएसएलआरचा सुमारे २२ मिलिमीटर लांब व १५ मिलिमीटर रुंद. जेवढे मोठे पातेले तेवढा पाऊस जास्त साठतो. शिवाय लेन्स बदलता येते. आणि ज्या मुलाला या धंद्यात पोट भरायचे आहे, त्याला लग्नाच्या मांडवात मोबाईल घेऊन कोणी उभे करणार नाही. हे चूक असेल, पण तसे आहे.

आणखी एक गोष्ट आम्ही लपवली नाही. डीएसएलआरचा जमाना मावळतीला लागला आहे. आरसा काढून टाकलेले 'मिररलेस' कॅमेरे आले. कॅनन आणि निकॉन या दोघांनीही २०१८ साली त्यांच्यासाठी लेन्स बसवायचे नवे तोंड काढले. २०२० नंतर या दोघांचा एकही नवा डीएसएलआर आलेला नाही. नवशिक्यांचा लाडका निकॉन डी३५०० हा २०१८ साली आला आणि चार वर्षांत बंदही झाला. हे ऐकून मुलाचा चेहरा उतरला. आम्ही म्हणालो, "अरे, आपल्याला हेच तर हवे!" मोठे फोटोग्राफर आपले जुने कॅमेरे विकून नवे घेत आहेत. जो कॅमेरा काल एखाद्याने डोळ्यांत तेल घालून जपला, तो आज अर्ध्याहून कमी पैशांत मिळतो. हिशेबाच्या भाषेत याला घसारा म्हणतात. नव्या वस्तूचा घसारा पहिल्या दिवशी खोके उघडणारा भरतो. तो दुसऱ्याने भरला असेल तर आपण का रडावे?

मग आम्ही मुलाला खरा प्रश्न विचारला. तू फोटो कुठे काढणार? तो म्हणाला, लग्नात. लग्नात कुठे? हळद घरात. लग्न हॉलमध्ये. वरात रस्त्यावर, रात्री. बारसे, वाढदिवस पुन्हा घरात. आणि एप्रिलातली मिरवणूक, तीही दिवे लागल्यानंतरच रंगात येते. म्हणजे उन्हातला एकही फोटो नाही! कॅमेरा या प्रश्नापासून निवडायचा असतो. जंगलातले वाघ काढणाऱ्याची लेन्स आपल्याला काय कामाची? जाहिरातीतली दुसरी लेन्स, ती लांबट, दूरचे जवळ आणणारी, नेमकी अंधारात लंगडी पडते. आपल्या खोलीत तर तिने नवऱ्या मुलाचे फक्त नाक येईल.

आम्ही आमचा जुना कॅमेरा काढला आणि मुलाला आमच्याच खोलीत भिंतीला पाठ लावून उभे केले. कॅमेऱ्याबरोबर जी साधी लेन्स मिळते तिच्यावर १८-५५ असे आकडे असतात. १८ वर समोरची भिंत कडेपासून कडेपर्यंत आली. मग ५० ची लेन्स लावली. भिंतीचा जेमतेम चार फुटांचा तुकडा आला. ताई आणि आमची मंडळी खांद्याला खांदा लावून बसल्या तेव्हा कुठे मावल्या. मुलगा टेप घेऊन भिंत मोजत होता आणि खुशीत येत होता. आकड्यांचा अर्थ त्याला त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी दिसला.

पण ५० ची लेन्स वाया नाही. लेन्सवर दुसराही एक आकडा असतो, एफचा. तो जितका लहान तितकी लेन्सची बाहुली मोठी उघडते. साध्या लेन्सचा आकडा ५५ वर गेले की ५.६ होतो. ५० च्या स्वस्त लेन्सचा असतो १.८. दोन्हींत प्रकाशाचा फरक नऊ-दहा पट पडतो. म्हणजे रात्रीच्या वरातीत साधी लेन्स जिथे हललेले भूत काढते, तिथे ही लेन्स नाचणाऱ्या मामाच्या कपाळावरचा घाम दाखवते. लेन्समध्ये हात थरथरल्याचा दोष सावरणारी सोय असते हे खरे, पण ती आपला हात सावरते, नाचणारा मामा नव्हे. हॉलमध्ये स्टेजवरचे चेहरे, वरात, मिरवणूक, इथे ५०. घरात १८-५५ आणि जोडीला फ्लॅश. निकॉन घेणाऱ्यांनी ३५ ची १.८ ची लेन्स पाहावी, तिच्यात दहा फुटांवरून साडेसहा फूट भिंत मावते. मात्र निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांच्या पोटात फोकसची मोटर नसते. जुन्या लेन्स त्यावर बसतात, पण फोकस हाताने फिरवावा लागतो. लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिले आहे का ते बघूनच पैसे द्यावेत.

फ्लॅशबद्दल. कॅमेऱ्याच्या डोक्यावर जो छोटा फ्लॅश उघडतो तो समोरून थोबाडीत मारल्यासारखा उजेड टाकतो. आमच्या बारशाचे वाटोळे त्यानेच केले. मान वळणारा वेगळा फ्लॅश घ्यावा आणि तो छताकडे तोंड करून मारावा, म्हणजे उजेड वरून सगळ्यांवर सारखा सांडतो. पण छत पांढरे हवे. आपल्याकडे कोणाचे पिस्त्याच्या रंगाचे, कोणाचे गुलाबी, कोणाचे नुसते पत्र्याचे. पिस्ता छतावर फ्लॅश मारला की नवरी आजारी दिसते. अशा वेळी कोणाला तरी पांढरी चादर धरून उभे करावे. लाईट धरण्याची दोन वर्षे इथे कामी येतील, असे आम्ही म्हणालो तेव्हा मुलगा पहिल्यांदा हसला.

चेहऱ्याच्या रंगाचाही एक मुद्दा आहे आणि तो आम्हाला टोचतो. कॅमेऱ्याला काळे-गोरे कळत नाही, तो सगळे जग करड्या रंगाचे धरून उजेड मोजतो. समोर पन्नास माणसे पांढऱ्या साड्या आणि पांढऱ्या सदऱ्यांत बसली असली की त्याला वाटते उजेड फार झाला, आणि तो फोटो काळोखा करतो. कपडे करडे आणि चेहरे त्याहून काळे. त्यासाठी कॅमेऱ्यावर अधिक-उणेचे बटण असते, ते अधिक एकवर न्यावे, चेहरे उजळतात. हे न शिकता पुष्कळ फोटोवाले नंतर कॉम्प्युटरवर बसून सगळ्यांना पीठ लावतात. मुलगा म्हणाला, "आमचे सर नवरीला तीन नंबरने गोरी करतात, पार्टी खूश होते." आम्ही त्याला म्हणालो, तुला बटण माहीत असेल तर पीठ लागणार नाही. यावर त्याने काही उत्तर दिले नाही. पार्टी पैसे देते, हे आम्हालाही कळते.

पुढच्या शनिवारी आम्ही तिघे फोर्टात बोराबाजारला गेलो. जुन्या कॅमेऱ्यांचा व्यवहार तिथल्या गल्ल्यांतून चालतो. पहिल्या दुकानात ताईंकडे पाहून दुकानदाराने सरळ नवे खोके काढले आणि हप्त्याचा फॉर्म पुढे सरकवला. आम्ही उठलो. तिसऱ्या दुकानात कॅननचा ७००डी मिळाला. २०१३ सालचे मॉडेल, अठरा मेगापिक्सेल, १८-५५ लेन्ससह. एकवीस हजार सांगितले.

तपासणी कशी केली ते सांगतो, कारण इथेच माणूस फसतो. लेन्स काढून एका बाजूने बॅटरी मारली आणि दुसऱ्या बाजूने पाहिले, जाळे किंवा धुके नाही ना. एफचा आकडा १६ वर नेऊन पांढऱ्या कागदाचा फोटो काढला आणि पडद्यावर मोठा करून पाहिला. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवर धूळ, ती साफ होते, पण ओरखडा असेल तर उठावे. बॅटरीचे झाकण उघडून हिरवट गंज आहे का पाहिले, कार्ड घालून काढून पाहिले, फोकसची मोटर कानाजवळ धरून ऐकली. शटर किती वेळा उघडले हे विचारले. या वर्गातल्या कॅमेऱ्याचे शटर साधारण एक लाखाच्या आसपास धरून चालतात. निकॉनच्या फोटोतच हा आकडा लपलेला असतो. कॅननच्या साध्या मॉडेलमध्ये तो कॉम्प्युटरला जोडून पाहावा लागतो. दुकानदाराने कुरकुर करत जोडला. एकतीस हजार निघाले. मग कॅमेऱ्याच्या बुडाचा नंबर आणि बिलावरचा नंबर एकच आहे ना ते पाहिले. बिलाशिवाय घेऊ नये. चोरीचा माल निघाला तर पोलीस आधी आपल्या वस्तीतल्या पोराला धरतील, हे काय वेगळे सांगायला हवे?

आणि मुलाच्या हातात दिला. दहा मिनिटे. शेजारचाच निकॉनही दिला. दोन्ही कंपन्या चांगल्या आहेत, कोणती चांगली यावर भांडणारे लोक फोटो कमी काढतात असा आमचा अनुभव आहे. त्याची बोटे लहान, कॅननची मूठ त्याला बसली. तेवढे कारण पुरे.

घासाघीस ताईंनी केली. आम्हाला ती जमत नाही. एकवीसचे १८,५०० झाले. वापरलेली ५० ची लेन्स ६,५००, मान वळणारा फ्लॅश ३,२००, नवे कार्ड ६५०, जास्तीची बॅटरी ९००. वाटेत झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा आणि ओल शोषणाऱ्या पुड्या घेतल्या, १५० रुपये. एकूण २९,९००. रुमालात १०,१०० परत गेले. चामड्याची पिशवी घेतली नाही.

लोकलमध्ये ताईंनी विचारले, "भाऊ, हे पैसे सुटतील कधी?" मुलाला लाईट धरायचे दिवसाला आठशे मिळतात. स्वतःचा कॅमेरा घेऊन आला तर दीड हजार देईन, असे त्याच्या सरांनी कबूल केले आहे. दिवसाला सातशे जास्त. म्हणजे कामाचे त्रेचाळीस दिवस. पावसाळ्यात लग्ने नाहीत. दिवाळीनंतर धरले तरी एक पूर्ण हंगाम आणि पुढच्याचा थोडा भाग. ताईंनी बोटांवर मोजले आणि खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "म्हणजे पोळ्या अजून दीड वर्ष." आमच्या हिशेबातही तेवढेच येत होते.

घरी आल्यावर पहिला फोटो कशाचा काढायचा यावर मायलेकांत वाद झाला. मुलाला ५० ची लेन्स लावून आईचा फोटो काढायचा होता. ताईंनी ट्रंकेतून एक कार्ड काढले. घरधन्यांचे जुने, कारखान्याचे ओळखपत्र. त्यांचा घरात तेवढा एकच फोटो आहे, पासपोर्टच्या आकाराचा. ५० ची लेन्स एवढ्या जवळून धरेना. साधी १८-५५ लावली, ५५ वर नेली, कार्ड खिडकीपाशी पाटावर ठेवले आणि फ्लॅश बंद केला. ती लेन्स वीतभर अंतरावरूनही नीट धरते. तेवढासा फोटो पडदाभर झाला. डोळे दिसले, मिशीचा एकेक केस दिसला, आणि खांद्यावर आलेला कंपनीचा अर्धा जांभळा शिक्काही दिसला.

"आई, शिक्का कॉम्प्युटरवर काढून टाकतो," मुलगा म्हणाला.

"राहू दे," ताई म्हणाल्या. "त्या दिवशी ते कायम झाले होते."